अक्षरावरची रेघ वाकडी दिसली तर

(वालावल येथे प्रौढांच्या वर्गात केलेले भाषण)



तुमच्यापैकी पुष्कळांना आता वाचता येऊ लागलं आहे. एस.टी.वरची पाटी वाचता येते. रेशन दुकानाची पावती वाचता येते. मुंबईहून मुलाने मोबाइलवर धाडलेला निरोप शेजाऱ्याकडून वाचून घ्यावा लागत नाही. ही कमाई लहान नाही.

ही कमाई डोळ्यातल्या एका अगदी लहान जागेवर अवलंबून आहे. ती जागा बिघडली तर चष्मा घालून अक्षर दिसत नाही. थेंब घालून दिसत नाही. पण वेळेवर गेलं तर आज तिच्यावर शस्त्रक्रिया होते. आज आपण त्या जागेविषयी बोलू.

डोळा शहाळ्यासारखा

शहाळं फोडलं की आत काय असतं? बाहेर जाड साल, आत पाणी, आणि कवटीला आतून चिकटलेली पातळ मलई.

आपला डोळा असाच समजा. बाहेर पांढरं, चिवट कवच आहे. आत रस आहे. हा रस पाण्याहून घट्ट, अंड्यातल्या पांढऱ्या भागासारखा असतो. आणि कवचाला आतून एक पातळ पडदा लागलेला असतो. त्याची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास. पुस्तकात त्याला दृष्टिपटल म्हणतात. डॉक्टर त्याला रेटिना म्हणतात. आपण नुसतं पडदा म्हणू.

डोळ्याच्या पुढच्या बाजूला बाहुली आहे. बाहुलीच्या मागे भिंग आहे. उजेड बाहुलीतून आत शिरतो. भिंग तो उजेड नेमका पडद्यावर पाडतं. पडद्यावर चित्र उमटतं आणि एक जाड शीर ते मेंदूला पोचवते. तेव्हा आपण म्हणतो, "दिसलं."

पडद्याच्या मधोमध एक इवलीशी जागा आहे. तिला पीतबिंदू म्हणतात. बारीक काम सगळं या जागेचं. अक्षर वाचणं, सुईत दोरा ओवणं, तांदळातले खडे निवडणं, मासळीतला काटा बघणं, शंभराची नोट ओळखणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं, हे सारं ती जागा करते. बाकीचा पडदा आजूबाजूचं बघतो. पायवाट, गडगा, वाटेत आडवं आलेलं ढोर त्याला दिसतं.

म्हणून मधली जागा बिघडली तर माणूस अगदी आंधळा होत नाही. तो शेतातून आपल्या पायांनी घरी येतो. पण उंबऱ्यावर उभी आहे ती मोठी नात की धाकटी, हे त्याला कळत नाही. ती बोलली म्हणजे कळतं.

मोतीबिंदू वेगळा, पडदा वेगळा

आपल्याकडे काय होतं? घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दिसेनासं झालं की लोक म्हणतात, "वय झालां. मोतीबिंदू आसतलो. पिकांदे, मगे बघूया."

आता नीट ऐका. मोतीबिंदू म्हणजे पुढचं भिंग गढूळ होणं. गढूळ भिंग काढून नवं बसवता येतं. थोडा उशीर झाला तरी बहुतेकांची नजर परत येते. तरी तो पिकेपर्यंत थांबायची आज गरज नाही.

पडद्याचं तसं नाही. पडदा मज्जातंतूंचा बनलेला आहे. भिंग बदलता येतं, पडदा बदलता येत नाही. त्याचा जो भाग मेला तो मेला.

बाहेरून बघून यातला फरक कळत नाही. दोन्ही दुखण्यांत माणूस म्हणतो, "अंधुक दिसतं." म्हणून घरी बसून निदान करू नये. डॉक्टर डोळ्यात थेंब घालतात, बाहुली मोठी करतात आणि मागचा पडदा बघतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेण्याआधीसुद्धा विचारावं, "डॉक्टर, माझा पडदा बरा आहे ना?" पडदा आजारी असेल तर नुसतं भिंग बदलून पुरेसं दिसत नाही. मग लोक म्हणतात, ऑपरेशन फुकट गेलं.

पडद्याला काय काय होतं

पहिलं दुखणं, मधुमेह. लोक त्याला साखर म्हणतात. रक्तात साखर पुष्कळ वर्षं वाढलेली राहिली की पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. त्या पाझरतात, आणि मधल्या जागेला सूज येते. पुढे नव्या, कच्च्या वाहिन्या फुटतात. त्यांतून डोळ्यात रक्त उतरतं. नंतर तिथे दोऱ्यांसारखे पापुद्रे धरतात आणि पडद्याला ओढतात. यात सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही, दिसतंही चांगलं. म्हणूनच हे दुखणं फसवं आहे.

दुसरं दुखणं, पडदा सुटणं. आधी पडद्याला चीर पडते. चिरेतून डोळ्यातलं पाणी पडद्याच्या मागे शिरतं. मग पडदा कवचापासून सुटत जातो, जशी कवटीपासून मलई सुटते. ज्यांना जाड उणे नंबरचा चष्मा आहे, ज्यांच्या डोळ्याला जोराचा मार लागला आहे, ज्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, त्यांनी जास्त सावध असावं.

तिसरं दुखणं, मधल्या जागेला भोक पडणं. वय वाढतं तसा डोळ्यातला रस आक्रसतो आणि पडद्यापासून वेगळा होतो. काहींच्या डोळ्यात तो मधल्या जागेला चिकटून राहतो आणि ओढतो. त्या ओढीने तिथे बारीक भोक पडतं. हे बहुधा साठीच्या पुढे होतं, आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतं.

चौथं दुखणं, पडद्यावर पापुद्रा धरणं. तापवलेल्या दुधावर साय येते तसा पातळ पापुद्रा मधल्या जागेवर येतो. तो आक्रसला की खालचा पडदा चुरगळतो. मग सरळ वस्तू वाकडी दिसते.

आणखी एक दुखणं आहे. म्हातारपणी मधली जागा झिजते. त्यावर बहुधा शस्त्रक्रिया नसते. त्याच्या एका प्रकारात डोळ्यात इंजेक्शनं देतात, आणि लवकर दिली तर नजर टिकते. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला हे दुखणं जास्त होतं, हेही सांगून ठेवतो.

हे ऑपरेशन कुठून आलं

शंभर वर्षांपूर्वी पडदा सुटलेला माणूस आंधळा होणार, असंच धरून चालत. स्वित्झर्लंड देशात लोझान गावी ज्यूल गोनँ नावाचे डॉक्टर होते. १९२०च्या सुमारास त्यांनी दाखवून दिलं की चीर हेच मूळ आहे. चीर शोधून बंद केली तर पडदा परत बसतो. गळक्या घरात नुसतं पाणी उपसून काय उपयोग? फुटलेलं कौल शोधलं पाहिजे. तशीच ही गोष्ट.

पण डोळ्याच्या आत हत्यार घालायला डॉक्टर भीत. आतला रस काढला तर डोळा बसेल, असं वाटे. अमेरिकेत मायामी शहरात रॉबर्ट माखेमर या डॉक्टरांनी सुईसारखं एक बारीक यंत्र बनवलं. ते रस कापतं, ओढून घेतं आणि त्याच वेळी आत पाणी सोडतं. हे यंत्र त्यांनी आधी कशावर चालवून पाहिलं? कोंबडीच्या अंड्यावर! अंड्याचं पांढरं आणि डोळ्यातला रस सारखेच. १९७० साली त्यांनी ते माणसाच्या डोळ्यात वापरलं. आज जगभर पडद्याच्या शस्त्रक्रिया याच वाटेने होतात.

मधल्या जागेच्या भोकावर तरीही उपाय नव्हता. डॉक्टर सांगत, "याला काही करता येत नाही." १९९१ साली अमेरिकेतल्या केली आणि वेंडेल या दोन डॉक्टरांनी ५२ डोळ्यांचा अनुभव छापला. त्यांतल्या ३० डोळ्यांची भोकं मिटली होती. आज लहान आणि ताजं भोक असेल तर दहापैकी नऊ वेळा मिटतं.

आपल्या देशातही ही विद्या आली. डॉ. एस. एस. बद्रीनाथ अमेरिकेत पडद्याच्या शस्त्रक्रिया शिकून परत आले. १९७८ साली त्यांनी मद्रासला शंकर नेत्रालय सुरू केलं. मुंबईचे डॉ. एस. नटराजन यांनी धारावीच्या वस्तीत मधुमेही लोकांचे पडदे तपासण्याचं काम चालवलं. त्यांना २०१३ साली पद्मश्री मिळाली. धारावीत काय करायचं होतं? ज्यांना "मला चांगलं दिसतं" असं वाटत होतं, त्यांच्या डोळ्यातला आजार वेळेत शोधायचा होता. आपल्यालाही तेच करायचं आहे.

ऑपरेशन कसं करतात

बहुतेकांना डोळ्यापुरतीच भूल देतात. माणूस जागा असतो, पण दुखत नाही. डॉक्टर डोळ्याच्या पांढऱ्या भागात तीन बारीक छिद्रं करतात. एक छिद्र अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. एकातून पाणी सोडतात. दुसऱ्यातून दिवा घालतात. तिसऱ्यातून हत्यार. वर मोठी दुर्बीण असते, तिच्यातून डॉक्टर बघतात.

आधी आतला रस काढतात. मधुमेहाने रक्त साकळलेलं असेल तर तेही निघतं. पडद्याला ओढणारे दोरे कापतात. भोक किंवा पापुद्रा असेल तर निळा रंग घालून पातळ थर दिसता करतात आणि बारीक चिमट्याने तो सोलतात. पडदा सुटला असेल तर तो जागेवर बसवतात आणि चिरेभोवती लेसरचे चटके देतात, म्हणजे तिथे पडदा घट्ट धरतो.

शेवटी डोळ्यात गॅसचा बुडबुडा किंवा तेल भरतात. बुडबुडा पडद्याला आतून दाबून धरतो. गॅस काही आठवड्यांत आपोआप विरतो. तेल विरत नाही. ते काही महिन्यांनी पुन्हा छोटं ऑपरेशन करून काढावं लागतं. हे तेल काढायला जायचं विसरू नका.

घरी आल्यावर

भोकाच्या ऑपरेशननंतर डॉक्टर पुष्कळदा सांगतात, काही दिवस मान खाली घालून राहा. असं का? पाण्यात नारळ टाकला तर तो वर येतो. तसाच बुडबुडा नेहमी वर येतो. भोक असतं डोळ्याच्या मागच्या भिंतीवर. मान खाली घातली की मागची भिंत वर येते आणि बुडबुडा नेमका भोकावर टेकतो.

तांदूळ निवडायला बसल्यासारखं बसायचं. झोपायचं ते पालथं. सोपं नाही. मान भरून येते. म्हणून घरात हाताशी एक माणूस हवं. जेवण, पाणी, थेंब, सगळं त्या माणसाने बघायचं. किती दिवस आणि किती तास, हे डॉक्टर सांगतील तेच खरं.

दुसरी गोष्ट आपल्या कोकणातल्या माणसांनी विशेष ध्यानात ठेवावी. डोळ्यात गॅस असेपर्यंत विमानात बसायचं नाही. उंचावर हवा विरळ होते, बुडबुडा फुगतो आणि डोळ्यात दाब वाढतो. त्याने नजर जाऊ शकते. आपल्याला घाटही चढावे लागतात. आंबोली, फोंडा किंवा गगनबावड्याच्या वाटेने वर जायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, "डोळ्यात गॅस आहे, घाट चढू का?" प्रवासात डोळा ठणकू लागला तर अंगावर काढू नका. दुसऱ्या कशासाठी भूल द्यायची वेळ आली, तर "डोळ्यात गॅस आहे" हेही आधी सांगा.

नजर कधी येते? लगेच नाही. बुडबुडा असेपर्यंत अंधुकच दिसतं. मग महिन्या-महिन्याने सुधारतं. पहिल्यासारखं अगदी स्वच्छ सगळ्यांना दिसत नाही. पुष्कळांना त्या डोळ्यात पुढे लवकर मोतीबिंदू होतो, आणि त्याचंही ऑपरेशन लागतं. हे आधीच माहीत असलं म्हणजे माणूस धीर सोडत नाही. कुणी "शंभर टक्के नजर येईल" असं सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आणि कुणी "आता काही उपयोग नाही" असं घरबसल्या सांगितलं तर त्यावरही ठेवू नका. ते पडदा बघितल्यावरच ठरतं.

घरच्या घरी करायची परीक्षा

आता हातातलं पुस्तक उघडा. आपल्या मराठी अक्षरांना डोक्यावर रेघ असते. ती रेघ आपल्या उपयोगी पडणार आहे.

चष्मा असेल तर घाला. पुस्तक नेहमीच्या अंतरावर धरा. डावा डोळा तळहाताने झाका, पण दाबू नका. उजव्या डोळ्याने ओळीतल्या मधल्या एका अक्षराकडे बघा. मग उजवा डोळा झाका आणि डाव्याने बघा.

रेघ सरळ दिसते का? की मधेच लाटेसारखी वाकते? अक्षर पुरतं दिसतं का? की मधे डाग आहे आणि कडेची अक्षरं तेवढी दिसतात? ज्याला वाचता येत नाही त्याने खिडकीचे गज बघावेत, दाराची चौकट बघावी.

एकेक डोळा का झाकायचा? कारण एक डोळा बिघडला तर दुसरा त्याचं काम करतो, आणि आपल्याला पत्ता लागत नाही. एका बैलाने अंग चोरलं तर दुसरा नांगर ओढतो, तसं. आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी म्हणा, ही परीक्षा करा. घरच्या म्हाताऱ्यांचीही करा.

रेघ वाकडी किंवा तुटकी दिसली तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

आणि तीन खुणा अशा आहेत की त्याच दिवशी निघायचं. पहिली, डोळ्यापुढे एकाएकी काजळीसारखे पुष्कळ ठिपके नाचू लागणं. दुसरी, अंधारात विजेसारख्या चमका दिसणं. तिसरी, बाजूने काळा पडदा सरकत आल्यासारखं वाटणं. पडदा सुटत मधल्या जागेपर्यंत आलेला नाही तोवर ऑपरेशन झालं, तर वाचायची नजर बहुधा वाचते. मधली जागा सुटली की मग पहिल्यासारखं येत नाही. इथे एकेक दिवस मोलाचा आहे.

"लावणी होवंदे, चतुर्थी होवंदे"

मी जाणतो, घरात काम असतं. लावणीच्या दिवसांत बाई म्हणते, "लावणी होवंदे, मगे जातंय." लावणी होते, मग चतुर्थी येते. मुंबईची माणसं येतात. घर भरतं. मग कापणी. तोवर डोळा गेलेला असतो. लावणीला गड्याचा हात उसना मिळतो. डोळा उसना मिळत नाही.

लक्ष्मीनारायणाला गाऱ्हाणं जरूर घाला. त्याने मनाला बळ येतं. पण गाऱ्हाणं घालून तिथूनच डॉक्टरकडची वाट धरा. डोळ्यात मध, एरंडेल, पाल्याचा रस घालू नका. मागच्या पडद्यापर्यंत यातलं काही पोचत नाही. पुढचा डोळा मात्र बिघडतो.

जायचं कुठे? आधी आपल्या आरोग्य केंद्रात, किंवा ओरोसला सरकारी रुग्णालयात. तिथून पडद्याच्या डॉक्टरकडे चिठ्ठी मागा. कुणाला गोव्यात बांबोळीला जावं लागतं, कुणाला कोल्हापूरला, कुणाला मुंबईला. जाताना सोबत माणूस न्या. थेंब घातल्यावर काही तास अंधुक दिसतं. त्या दिवशी स्वतः मोटारसायकल चालवू नका.

पैशांची चिंता असेल तर रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का आणि ते कोणत्या रुग्णालयात होतं, ते विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवा. लाजू नका. विचारणं हा तुमचा हक्क आहे.

एवढं ध्यानात ठेवा

१. अंधुक दिसणं म्हणजे दर वेळी मोतीबिंदू नव्हे.
२. भिंग बदलता येतं, पडदा बदलता येत नाही.
३. मधुमेह असेल तर चांगलं दिसत असलं तरी वर्षातून एकदा पडदा तपासून घ्या. साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवा.
४. आठवड्यातून एकदा एकेक डोळा झाकून अक्षरावरची रेघ बघा.
५. ठिपके, चमका, काळा पडदा दिसला की त्याच दिवशी निघा.
६. ऑपरेशननंतर मान कशी ठेवायची, घाट चढायचा की नाही, तेल कधी काढायचं, हे डॉक्टरांना विचारून लिहून ठेवा. आता तुम्हाला लिहिता येतं.

आज घरी गेल्यावर एक काम करा. आईला, सासूला, वडलांना उजेडात बसवा. त्यांचा एकेक डोळा झाका आणि विचारा, "खिडकीचो गज सरळ दिसता काय?" पाच मिनिटं लागतील. उत्तर "नाय" आलं, तर उद्याच्या एस.टी.ने त्यांना घेऊन निघा.